तबकडीवर ठेवलेलं बोट

वडिलांच्या रेकॉर्डना हात लावला की मार बसायचा. तरी पोरगा हात लावायचाच. जोसेफ सॅडलर, जन्म १९५८, बार्बाडोस. वाढला मात्र न्यूयॉर्कच्या ब्राँक्समध्ये. बेवारस गाड्यांमधले स्पीकर काढून घरी आणायचे, उघडायचे, पुन्हा जोडायचे, हा त्याचा उद्योग. पुढे शाळेतही इलेक्ट्रॉनिक्सच शिकला. जग त्याला हिप-हॉपचा डीजे ग्रँडमास्टर फ्लॅश म्हणून ओळखतं.

तेव्हा ब्राँक्सच्या पार्ट्यांमध्ये दबदबा होता कूल हर्क या डीजेचा. गाण्यात गायक थांबतो आणि नुसता ड्रम उरतो, त्या तुकड्याला ‘ब्रेक’ म्हणतात. पोरं नेमकी तिथेच बेभान होतात, हे हर्कने हेरलं होतं. म्हणून तो एकामागून एक ब्रेकच लावायचा. पण सुई अंदाजाने टाकायची, त्यामुळे ठेका निसटायचा. नाचणाऱ्यांचं त्यावाचून काही अडत नव्हतं. जोसेफला मात्र ते सहन होईना. आपल्याकडे तबलजी समेवर आला नाही की जीव कसा कासावीस होतो, तसंच ते.

मग त्याने केलं काय? रेकॉर्डवर मेणखडूने रेघ मारली. ब्रेक सहा फेरे चालला, तर रेकॉर्ड हाताने सहा फेरे उलटी फिरवायची, की सुई पुन्हा ब्रेकच्या तोंडाशी. तोवर दुसऱ्या टर्नटेबलवर, म्हणजे रेकॉर्ड फिरवणाऱ्या यंत्रावर, तोच ब्रेक वाजतोय. दहा सेकंदांचा ठेका हवा तितका वेळ चालू! पण रबरी मॅटवर रेकॉर्ड मोकळी फिरेना. आई शिवणकाम करायची. जोसेफने फेल्टचं कापड आणलं, स्टार्च मारून इस्त्री केली, कडक चकती कापली आणि रेकॉर्डखाली सरकवली. आज जगभरच्या डीजेंच्या रेकॉर्डखाली असते ती चकती अशी एका घरातल्या इस्त्रीखालून निघाली, याचं मला फार अप्रूप वाटतं.

पहिल्यांदा लोकांसमोर हे केलं, तेव्हा कोणी नाचलंच नाही. सगळे नुसते उभे राहून बघत राहिले. तो घरी जाऊन रडला. मग त्याच्या ध्यानात आलं की हात एवढे गुंतलेले असताना लोकांशी बोलायला कुणीतरी हवं. माइक घेऊन काउबॉय आला, मग मेली मेल, आणखी तिघे; झाला ‘फ्युरियस फाइव्ह’ हा रॅपरांचा गट. (रेकॉर्ड सुईखाली मागेपुढे घासून आवाज काढायचा तो ‘स्क्रॅच’ मात्र त्याचा नव्हे. तो ग्रँड विझार्ड थिओडोर या दुसऱ्या डीजेचा. फ्लॅशने तो पुढे नेला.)

१९८२ चं ‘द मेसेज’ हे रॅप गाणं त्याच्या नावावर गाजलं, पण त्या ध्वनिमुद्रणात त्याचं काम जवळजवळ नाहीच. मला त्याचं खरं काम दिसतं ते त्याआधीच्या वर्षीच्या सात मिनिटांच्या रेकॉर्डमध्ये. तीन टर्नटेबल, इतरांची गाणी आणि याचे हात. ती आता लावतो. क्वीन या बँडच्या गाण्याचा बेस शिरतो, तिथे कान द्या. सांधा सापडतो का बघा.