एक पायरी राहिली

श्रोते हो, नमस्कार.

आज केस रंगवण्याबद्दल बोलू या. तेही घरी, आपल्या मोरीत. सलूनमध्ये जाऊन रंगवून घेणाऱ्यांशी माझं काही भांडण नाही. पण आपल्याकडे बहुतेक घरांत हा कार्यक्रम रविवारी सकाळी मोरीतच होतो. अंगात जुना गाऊन नाहीतर भोकं पडलेलं बनियन, खांद्यावर जीर्ण टॉवेल, मिशीसाठी जपून ठेवलेला जुना टूथब्रश, आणि दाराबाहेरून कुणीतरी विचारतंय, "अजून किती वेळ?"

माझं मत विचाराल तर घरी रंगवावेत. पैसे वाचतात हे तर झालंच. पण सलूनमध्ये डोक्याला लेप लावून बसवतात आणि समोर मोठ्या आवाजात टीव्ही लावून देतात, तो मला सोसवत नाही. उठून जाता येत नाही, चॅनेल बदला म्हणता येत नाही, चष्मा काढलेला असल्यामुळे वाचताही येत नाही. आणि वर ते "मॅडम, स्पा पण करून घ्या, केस फार कोरडे झालेत" आहेच. अहो, कोरडे झालेत म्हणूनच तर घरी करावं म्हणते मी.

गंमत म्हणजे सलूनमधला हा रंगही एका घरातच जन्माला आला. १९०७ साली पॅरिसमध्ये युजीन शुलर नावाचा एक तरुण रसायनतज्ज्ञ राहत्या घरी केसांचा रंग तयार करायचा आणि तिथल्या केशकर्तनकारांना विकायचा. दोन वर्षांनी त्याने कंपनी काढली. पुढे तीच लोरेआल झाली. तेव्हा घरी रंग लावणाऱ्यांनी उगाच कमीपणा वाटून घेऊ नये.

आता पाकिटाकडे वळू. पाकिटं दोन जातींची. एक रसायनाची, दुसरी पाल्याची. रसायनाच्या रंगात बहुधा पीपीडी नावाचा पदार्थ असतो आणि सोबत पेरॉक्साइड, म्हणजे ज्याला डेव्हलपर म्हणतात ते. अमोनियासारख्या पदार्थाने केसांवरचे बारीक खवले उघडतात, रंग आत शिरतो आणि पेरॉक्साइडमुळे तिथेच पक्का होतो. अर्ध्या तासात काम होतं. पाल्याच्या रंगात मेंदी येते आणि नीळ येते. नीळ म्हणजे कपड्यांची नव्हे हं, नीळ नावाच्या झाडाच्या वाळलेल्या पानांची पूड. मेंदीने केस लालसर होतात. मेंदी लावून वर नीळ लावली की काळपट होतात. आधी मेंदी, मग नीळ. पुन्हा सांगते, कारण इथेच लोक चुकतात. आधी मेंदी, मग नीळ.

आणि हे ज्यांच्यामुळे मला झोपेतून उठवलं तरी आठवेल, ते म्हणजे आमचे थोरले मामा.

मामा वाईला हायस्कुलात गणित शिकवायचे. नुकतेच निवृत्त झाले होते आणि घरात त्यांची साठीशांत ठरली होती. मंगळवारी सकाळी होम, अभिषेक, साठ दिव्यांनी ओवाळणं, मग जेवण. हल्ली ही कार्यं हॉलमध्ये होतात आणि खुर्च्यांनासुद्धा पांढरे झगे घालतात. कशासाठी ते मला आजवर कळलेलं नाही, वरणाचा एक थेंब पडला की संपलं. असो. तेव्हा घरीच मांडव होता.

मामांचे केस दर महिन्याला त्यांचा ठरलेला सलूनवाला रंगवायचा. त्याला त्यांचं डोकं पाठ होतं. त्या वेळी पाहुण्यांच्या गडबडीत मामांना आठवण झाली सोमवारी दुपारी. सोमवारी सलून बंद. आणि साठी झाली हे साजरं करायच्या दिवशीच आपण साठीचे दिसू नये, असा मामांचा आग्रह. याला काय म्हणणार?

मामांच्या सुनेने पुण्याहून मामीसाठी दोन पाकिटं आणली होती, रबरबँड लावून एकत्र बांधलेली. एक मेंदीचं, एक निळीचं. मामांनी ती उचलली, चष्मा कपाळावर चढवून मागचं वाचलं आणि मेंदीचं पाकीट बाजूला ठेवून दिलं. सून म्हणाली, "मामंजी, दोन्ही लावायची असतात, आधी मेंदी." मामा म्हणाले, "मला केस काळे हवेत की लाल?" "काळे." "मग लाल लावून काळं कसं होईल? जे नंतर वजाच करायचंय ते आधी मिळवायचं कशाला?" गणिताच्या मास्तरांपुढे सून काय बोलणार? गप्प बसली बिचारी.

संध्याकाळी मामांनी मोरीला आतून कडी लावली. निळीची पूड पाण्यात कालवली, डोक्याला थापली, मिशीलाही लावली. तासाभराने धुतली. मोरीत झीरोचा दिवा. त्या उजेडात ओले केस काळे दिसतात, कुणाचेही दिसतात. मामा खुशीत शीळ घालत बाहेर आले आणि माजघरातल्या ट्यूबलाइटखाली उभे राहिले.

श्रोते हो, पावसाळ्यात कृष्णेच्या घाटावर पायऱ्यांना जे शेवाळं धरतं ना, तो रंग. डोक्याला तो आणि मिशीलाही तोच. माजघरात बसलेल्या बायका एकदम थांबल्या. निवडायला घेतलेले तांदूळ तसेच हातात. धाकटा नातू म्हणाला, "आजोबा, रंगपंचमी झाली ना?" मामीने वर पाहिलं, खाली पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "जेवून घ्या."

मामा आरशाकडे गेले. परत आले तेव्हा आवाज खाली आला होता. "टोपी घातली तर?" पण शांतीत डोक्यावर पाणी घालतात, अक्षता टाकतात. टोपी किती वेळ टिकणार?

अशा वेळी आमची मावशी उभी राहते. साऱ्या घराच्या डोक्यांना तिने मेंदी लावलेली. ती म्हणाली, "मेंदीचं पाकीट टाकलं तर नाही ना? आणा इकडे." रात्री दहा वाजता तिने गरम पाण्यात मेंदी भिजवली आणि पहाटे साडेतीनला मामांना पाटावर बसवून लावली. मिशीला तिने हात लावला नाही, ती मामांनी स्वतः केली. डोक्याला साडीच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी बांधली. बाहेर गुरव सनई लावून बघत होता आणि आत मामा पिशवी बांधून चहा पीत होते.

मेंदीने खरंच सावरलं. हिरवट रंगावर ती चढली आणि केस तपकिरी झाले. कुठे गडद, कानशिलांवर जरा तांबूस, पण चारचौघांत चालेल असे. मावशीने बजावलं होतं, "तीनदा धुवा. पाणी स्वच्छ येईपर्यंत धुवा." पण नळ सहा ते सात. घरात पंचवीस माणसं आंघोळीला उभी. मामांनी एका बादलीत उरकलं.

होम झाला. अभिषेकाची वेळ आली. मामा पांढऱ्याशुभ्र धोतरात, खांद्यावर उपरणं, शेजारी मामी. गुरुजींनी मंत्र म्हणत कलशातलं पाणी डोक्यावर धरलं आणि मामांच्या कानामागून एक तपकिरी ओघळ निघाला. मग दुसरा. मग कपाळावरून नाकाच्या शेंड्यापर्यंत तिसरा. उपरण्यावर नकाशा उमटला. केसांत अडकलेला मेंदीचा चोथाही दर्शन द्यायला बाहेर आला. गुरुजींनी मंत्र थांबवला नाही, स्वरसुद्धा हलला नाही, फक्त आपली पोथी उचलून मांडीमागे ठेवली. मामी तेवढ्यात पदर सावरून वीतभर बाजूला सरकली. सगळं आटोपल्यावर गुरुजी अगदी शांतपणे म्हणाले, "यजमान, आता डोक्यावरून आंघोळ करून या." आणि जरा थांबून, "नीट."

पंक्तीला मामांचे जुने विद्यार्थी होते. मामा त्यांना समजावून सांगत होते, "पद्धत बरोबर होती रे. एक पायरी राहिली, इतकंच." त्यातला एक, आता बँकेत मोठा साहेब आहे, तो जिलबी बाजूला ठेवून म्हणाला, "सर, पायरी गाळली की तुम्ही निम्मे मार्क कापायचात."

तर आधी मेंदी, मग नीळ. पांढऱ्या केसांवर नुसती नीळ लावली की निळसर नाहीतर हिरवट छटा येते. खाली मेंदीचा लालसर थर असला तर दोन्ही मिळून काळपट दिसतं. मेंदी काही तास भिजवावी लागते. नीळ मात्र कालवली की थोड्या वेळात लावायची, रात्रभर ठेवली तर तिच्यातला रंग मरतो. आणि नीळ हवेत एक-दोन दिवस गडद होत जाते, म्हणून कार्याच्या आदल्या दिवशी नको, दोन-तीन दिवस आधी लावा. तेवढ्या वेळात शाम्पू नको.

आता 'काळी मेंदी'. बाजारात ती मिळते, अर्ध्या तासात केस कुळकुळीत होतात आणि बायका म्हणतात, आम्ही नैसर्गिकच वापरतो. मेंदीचं पान काळा रंग देत नाही. जी मेंदी अर्ध्या तासात काळं करते तिच्यात बहुधा पीपीडी असतं. पाकिटावर घटक बारीक अक्षरांत असतात, इतक्या बारीक की चाळिशीच्या माणसाला वाचता येऊ नयेत, आणि रंग लागतो तो चाळिशीच्याच माणसाला. भिंग घ्या, पण वाचा.

कारण या पीपीडीची काहींना ॲलर्जी असते. डोकं खाजतं, कान आणि पापण्या सुजतात, कधी डोळा उघडत नाही. आणि वर्षानुवर्षं तोच रंग चालत आला असला तरी एक दिवस अचानक हे होऊ शकतं. म्हणून कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून ४८ तास थांबायचं. पाकिटावर जशी चाचणी सांगितली असेल तशी, पण वेळ सोडायची नाही. ४८ तास. दोन पूर्ण दिवस. सलूनमध्ये ही चाचणी कुणी करताना मी पाहिलेली नाही. घरी ती फुकट होते, हा घरी करण्याचा माझ्या मते सगळ्यात मोठा फायदा. श्वास लागला, चेहरा सुजला, तर घरगुती उपाय करत बसू नका, दवाखाना गाठा. आणि भुवयांना, पापण्यांना हा रंग कधीच नाही. दृष्टी जाऊ शकते, तशी सूचना आपल्याकडे पाकिटावर छापावीच लागते.

बाकीचं तुम्हाला माहीत आहे. कपाळाच्या कडेला आणि कानांना व्हॅसलीन, हातात मोजे. मेंदीला लोखंडी कढई चालते, पण डेव्हलपरचा रंग धातूच्या भांड्यात कालवायचा नाही, काच किंवा प्लास्टिक घ्या. सुरुवात कानशिलांपासून करा, तिथले पांढरे केस हट्टी असतात. आणि केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतात, तेवढ्याच मुळांना रंग लावा. दर वेळी टोकांपर्यंत ओढला की टोकं कोळशासारखी काळी आणि चरचरीत होतात. डोक्याच्या मागची बाजू आपल्याला दिसत नाही, तिथे घरातलं माणूस लागतं. नवऱ्याला सांगा. त्याच्या मिशीचं काम तुमच्याकडे आहेच.

काळ्या केसांत सोनेरी बटा हव्या असतील, तर मात्र सलूनच गाठा. त्यासाठी केसांचा मूळ रंग उडवावा लागतो आणि ते काम मोरीत करायचं नाही.

आणि हो, डेव्हलपर मिसळलेला रंग उरला तर बाटलीत बंद करून पुढच्या महिन्यासाठी ठेवू नका. आत वायू तयार होत राहतो, झाकण उडतं, बाटली फुटते. उरला की टाकून द्या, भांडं लगेच धुवा आणि फरशीवरचा थेंब वाळायच्या आत पुसा. नमस्कार.