बंद पडते तेव्हाच बघा

नमस्कार श्रोतेहो,

ज्यांच्या दारात पंधरा-वीस वर्षांची जुनी गाडी उभी आहे, त्यांच्याशी आज मला बोलायचं आहे. पुण्यात अशी घरं पुष्कळ आहेत. मारुती ८०० १९८३ मध्ये आली, २०१४ मध्ये तिचं उत्पादन थांबलं, तरी कोथरूडच्या आणि सहकारनगरच्या सोसायट्यांत ती अजून दिसते. झेन आहे, एस्टीम आहे, सँट्रो आहे, इथेच पुण्यात तयार झालेली इंडिका आहे. पंधरा वर्षं झाली की आरटीओत पासिंग करून पाच-पाच वर्षांची मुदत वाढवून घेत लोक या गाड्या चालवतात. नीट ठेवलेली गाडी चालवावीच, असं माझंही मत आहे.

या गाड्यांचं एक दुखणं मात्र मालकाला मेटाकुटीला आणतं. गाडी मधेच बंद पडते, आणि तीही रोज नाही. आठवडाभर सुतासारखी चालते आणि एके दिवशी ऐन नळ स्टॉपच्या सिग्नलला बंद. थोड्या वेळाने पुन्हा चालू. गॅरेजमध्ये नेली की ती छान चालत असते, मेकॅनिकला काहीच सापडत नाही. मग सुरू होतं ‘हे बदलून बघू, ते बदलून बघू’. आधी प्लग, मग कॉईल, मग पेट्रोलपंप. हजारो रुपये जातात आणि गाडी पुन्हा तिथेच बंद पडते. त्या मालकाचा चेहरा मी गॅरेजच्या दारात फार वेळा पाहिला आहे, म्हणून आज कळकळीने सांगतो, बिघाड हाताला लागल्याशिवाय एकही पार्ट बदलू नका. आणि तो हाताला लागतो गाडी बंद असतानाच्या पाच-दहा मिनिटांत. त्या वेळी गाडीजवळ मेकॅनिक नसतो, तुम्ही असता.

तेव्हा त्या पाच-दहा मिनिटांत काय करायचं ते बघू. आधी गाडी कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा, मागे त्रिकोण ठेवा. मग चावी फिरवा आणि सेल्फ, म्हणजे इंजिन सुरू करणारी मोटर, फिरतो का ते बघा. सगळ्या तपासाचे इथे दोन रस्ते होतात. सेल्फच फिरत नसेल, तर पेट्रोल आणि प्लगचा विचार डोक्यातून काढून टाका. दोष बॅटरी, तिची टर्मिनलं, अर्थिंग, सेल्फ स्वतः, त्याला करंट जोडणारा सोलेनॉइड किंवा चावीचा स्विच यांपैकी कशाचा तरी आहे.

बॅटरीचा संशय पहिला येतो आणि बऱ्याचदा बिचारी निर्दोष असते. साधा डिजिटल मल्टिमीटर घरात ठेवा, काही शे रुपयांत मिळतो. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्टच्या आसपास दाखवते. १२.२ दाखवत असेल तर ती निम्मी उतरली आहे. सेल्फ मारताना आकडा खाली येतो, पण तो ९.६ च्या खाली जायला नको. गाडी चालू झाल्यावर १३.८ ते १४.४ दिसलं तर अल्टरनेटर चार्जिंग करतोय. हे सगळं ठीक असूनही सेल्फ नुसता ‘टक्’ करून गप्प बसत असेल, तर अर्थिंगकडे या.

इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं, त्यामुळे करंटला परत बॅटरीकडे यायला एक जाड तार किंवा तांब्याची विणलेली पट्टी इंजिनापासून बॉडीपर्यंत लावलेली असते. वीस पावसाळ्यांनी तिचं टोक हिरवं पडतं, बोल्टखाली गंज धरतो. वरून बघितलं तर पट्टी जागेवर दिसते, हलवली तर घट्टही वाटते, पण सेल्फला लागणारा मोठा करंट तिच्यातून जात नाही. मग तो करंट मिळेल ती वाट धरतो. जुन्या गाडीत ही वाट म्हणजे कधी कधी ॲक्सिलरेटरची केबल असते. दोन-तीनदा सेल्फ मारल्यावर ती केबल हाताला गरम लागली, तर बिघाड सापडला असं समजा. मीटरनेही हे कळतं. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हवर, दुसरं इंजिनाच्या उघड्या धातूवर ठेवा आणि दुसऱ्या कोणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला तर ती वाट खराब आहे. पट्टी काढा, दोन्ही टोकांखालचा रंग-गंज पॉलिश पेपरने चकचकीत घासा, नवी पट्टी घट्ट बसवा. नाना पेठेत ही पट्टी किरकोळ पैशांत मिळते.

आता दुसरा रस्ता. सेल्फ मस्त फिरतोय, पण इंजिन पकडत नाही. याचा अर्थ बहुधा पेट्रोल येत नाही किंवा प्लगला ठिणगी नाही. मी पेट्रोल गाड्यांबद्दल बोलतोय. डिझेलमध्ये बहुधा लाइनमध्ये हवा शिरलेली असते किंवा फिल्टर तुंबलेला असतो, तो वेगळा विषय आहे.

इंजेक्शनच्या गाडीत, म्हणजे साधारण २००० सालाच्या आसपास आणि त्यानंतर आलेल्या गाड्यांत, बंद पडल्या जागी तीन गोष्टी बघा. सेल्फ न मारता चावी ‘ऑन’ करा आणि कान मागच्या सीटकडे द्या. पेट्रोलपंप दोन-तीन सेकंद गुणगुणतो आणि थांबतो. तो आवाज एरवी कसा येतो, हे आजच शांतपणे ऐकून ठेवा, म्हणजे वेळेला ओळखू येईल. आवाज आला नाही तर पंप, त्याला करंट देणारा आपोआप चालणारा स्विच म्हणजे रिले, फ्यूज किंवा त्यांची वायर, एवढ्यातच शोधायचं. दुसरी गोष्ट, चावी ‘ऑन’ केल्यावर इंजिनाचं पिवळं चिन्ह उजळतं का? ते अजिबात उजळलं नाही, तर कदाचित इंजिनाच्या कॉम्प्युटरलाच सप्लाय मिळत नाहीये, मुख्य रिलेकडे बघा. तिसरी, आरपीएमचा काटा असेल तर सेल्फ मारताना तो जरा तरी हलतो का? सेल्फ जोरात फिरतोय आणि काटा शून्यावर मेल्यासारखा पडलाय, असं दिसलं तर इंजिन फिरतंय हे कॉम्प्युटरला सांगणाऱ्या क्रँक सेन्सरवर बोट ठेवा. या तीन उत्तरांनी मेकॅनिकचं निम्मं काम होतं. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे इंजेक्शनच्या आधीच्या, गाडीत एअर फिल्टरचं झाकण काढून ॲक्सिलरेटरने उघडणारा थ्रॉटल ओढला की पेट्रोलची बारीक पिचकारी दिसते की नाही, एवढं बघा. हे इंजिन बंद ठेवून करा, जवळ कोणी सिगारेट पेटवलेली नको, आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोलचा पाइप कधीही सोडू नका.

आता तापण्याबद्दल सविस्तर बोलतो, कारण उन्हाळ्यात गॅरेजमध्ये येणाऱ्या या तक्रारींत हाच प्रकार सर्वांत जास्त दिसतो. सकाळी गाडी एका झटक्यात चालू होते. दुपारी खंबाटकी चढून गेल्यावर किंवा चांदणी चौकातल्या गर्दीत अर्धा तास रखडल्यावर ती एकदम, स्विच काढल्यासारखी बंद होते. आधी झटके नाहीत, मिसिंग नाही. वीस-तीस मिनिटं बॉनेट उघडून ठेवलं की चालू. हे बऱ्याचदा क्रँक सेन्सरचं किंवा जुन्या पद्धतीच्या गाडीत प्लगांना करंट वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरमधल्या पिकअपचं, म्हणजे तिथल्या सेन्सरचं, लक्षण असतं. त्याच्या आत केसासारख्या बारीक तारेचं वेटोळं असतं, ते तापलं की आतल्या आत तुटतं आणि गार झालं की पुन्हा जुळतं. गॅरेजमध्ये पोचेपर्यंत ते जुळलेलं असतं, म्हणून मीटरवरही बरोबर आकडा दाखवतं. मेकॅनिकला सांगा, गरम गाडीत, बंद असतानाच मोजा. ठिणगी तयार करणारी इग्निशन कॉईल आणि तिला चालू-बंद करणारा इग्नायटरही असेच तापून दगा देतात.

उलट, आधी ओढ कमी होते, झटके येतात आणि मग गाडी हळूहळू मरते, तेव्हा पेट्रोलचा तुटवडा आहे. तुंबलेला फिल्टर असेल, दमलेला पंप असेल. जुन्या फियाटला, म्हणजे पद्मिनीला, पंप इंजिनावरच असल्यामुळे घाटात पेट्रोलची वाफ होऊन ते अडायचं आणि लोक पंपावर ओलं फडकं ठेवायचे. टाकीतला पंप पेट्रोलमध्येच बुडून गार राहतो, म्हणून कायम रिझर्व्हवर गाडी चालवणाऱ्यांचा पंप लवकर जातो. टाकीच्या बुडाला मूठ आपटल्यावर गाडी चालू झाली तर पंपाचे दिवस भरलेत. आणि एक अगदी साधं कारण, टाकीचं झाकण. काही जुन्या गाड्यांत झाकणातूनच हवा आत जाते. ते छिद्र धुळीने बुजलं की टाकीत निर्वात होतं आणि पेट्रोल ओढलं जात नाही. बंद पडल्यावर झाकण उघडून बघा, ‘सुस्स’ करून हवा आत गेली आणि गाडी चालू झाली, तर खर्च फक्त झाकणाचा.

तापलेली गाडी बंद न पडता, दूध आणायला पाच मिनिटं थांबवल्यावर चालू व्हायला कुरकुरते, पेट्रोलचा वास येतो, सायलेन्सरमधून काळा भपका निघतो? मग कूलंटचा टेम्परेचर सेन्सर बघा. तो कॉम्प्युटरला इंजिन गार असल्याचं चुकीचं सांगतो आणि कॉम्प्युटर नको इतकं पेट्रोल सोडतो. तात्पुरता उपाय म्हणून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून ठेवा आणि सेल्फ मारा. बऱ्याच इंजेक्शनच्या गाड्यांत तेवढ्या वेळापुरतं पेट्रोल बंद होतं.

पावसाळ्यात वेगळं असतं. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीला केसाएवढी तडा गेलेली असते, दमट हवेत करंट तिच्यातून गळतो. रात्री अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवा, प्लगच्या वायरींवर निळसर ठिणग्या नाचताना दिसतील. बघा फक्त, हात लावू नका. आणि सिग्नलजवळ क्लच दाबला की बंद होणारी गाडी असेल, तर थ्रॉटल बॉडीत काजळी साचलीय किंवा आयडलिंगचा व्हॉल्व्ह अडकतोय. हे स्वच्छ करण्यावर भागतं.

पेट्रोलबद्दलही सांगायला हवं. हल्लीच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. ते पाणी ओढून घेतं आणि टाकीत वर्षानुवर्षं चिकटलेली घाण सोडवून फिल्टरपर्यंत आणतं. जुन्या रबरी नळ्यांनाही ते मानवत नाही. तेव्हा गाडी महिनोन्महिने टाकी अर्धी ठेवून उभी करू नका, आणि नळ्या चिरल्या आहेत का ते मेकॅनिकला दरवर्षी बघायला लावा. चिरलेली नळी म्हणजे आगीचा धोका.

एवढं सगळं तपासूनही काही सापडत नाही, अशा गाड्यांत मी एका जागी हमखास बघतो. कंपनीने जे बसवलं नव्हतं आणि नंतर कोणीतरी बसवलं, ते. चोरीचा अलार्म, सेंट्रल लॉक, सीएनजी किट. एका आजोबांची गाडी खड्ड्यात आपटली की बंद पडायची. प्लग, कॉईल, पंप सगळं नवं झालं होतं. डॅशबोर्डखाली आडवं होऊन टॉर्च लावला, तर आधीच्या मालकाने बसवलेला अलार्म निघाला. त्याचा भोंगा कधीच मेला होता, पण इंजिन बंद करणारा छोटा रिले तसाच लोंबत होता. इग्निशनची वायर कापून, नुसती पिळून, काळी टेप गुंडाळून त्यातून नेली होती. टेपचा डिंक उन्हाने वितळून ती निसटली होती आणि आत तांब्याचे दोन-तीन तंतू कसेबसे एकमेकांना टेकत होते. रिले काढला, मूळ वायर सोल्डर करून जोडली. सीएनजी किटमध्येही इंजेक्टरच्या वायरी अशाच कापून जोडलेल्या असतात. शिवाय कायम गॅसवर चालवली की पेट्रोलचे इंजेक्टर चिकटतात, म्हणून दिवसातून काही किलोमीटर तरी पेट्रोलवर चालवा. गाडी गॅसवर बंद पडते, पेट्रोलवर की दोन्हीवर, हे लिहून ठेवा. उंदरांनी कुरतडलेल्या वायरीही बघा, पार्किंगमध्ये ते इंजिनाच्या उबेला येऊन बसतात.

अशा वायरी शोधायची रीत सोपी आहे. इंजिन आयडलिंगवर ठेवा आणि एकेक कपलर, म्हणजे वायरींचा जोड, आणि एकेक वायर हळूच हलवा. ज्या जागी इंजिन अडखळेल तिथे थांबा. पट्टा आणि पंख्यापासून बाही, ओढणी लांब ठेवा.

चालत्या गाडीत इंजिन बंद पडलं, तर घाबरून चावी काढू नका, स्टिअरिंग लॉक होईल. ब्रेकला पुरेल एवढा व्हॅक्यूम एक-दोन दाबांपुरताच उरतो, तेव्हा पुन्हापुन्हा पंप न करता एकदाच सलग, जोर लावून दाबा. स्टिअरिंग जड होईल, तेही जोर लावूनच वळवा. कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणाऱ्या उतारावर काही जण पेट्रोल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडतात. जी गाडी न्यूट्रलवर कधीही बंद पडू शकते, ती त्या उतारावर गिअरमध्येच राहिली पाहिजे. ही माझी हात जोडून विनंती आहे. आणि दुखणं निघेपर्यंत ती गाडी द्रुतगती मार्गावर नेऊच नका.

गाडीत एक छोटी वही ठेवा. गाडी किती वेळ चालली होती, गरम होती की गार, पेट्रोल किती होतं, एसी चालू होता का, पाऊस होता का, एकदम बंद झाली की झटके देत, सेल्फ फिरला का, पंप वाजला का, किती वेळाने चालू झाली. अशा चार-पाच नोंदी झाल्या की त्यांत काहीतरी सारखं दिसायला लागतं. गॅरेजला गाडी सोडताना ती वही मेकॅनिकच्या हातात द्या, आणि ‘बघा जरा’ एवढंच म्हणून निघू नका. त्याला गाडी बंद पडेपर्यंत चालवायला वेळ द्या, त्या वेळेचे पैसेही द्या. शोधण्याचे पैसे द्यायला आपल्याकडे लोक कचरतात, मग तो बिचारा पार्ट बदलूनच बिल करतो. काढलेला जुना पार्ट मागून घ्या आणि डिकीत ठेवा. नवा लावूनही दुखणं तेच राहिलं, तर निदान तो चांगला होता एवढं तरी कळेल.

दुरुस्ती झाली की गाडी जशी बंद पडायची तशीच चालवून बघा. दुपारी पडत असेल तर दुपारी, एसी लावून, तेवढंच पेट्रोल ठेवून, त्याच चढाला न्या. गार सकाळी सोसायटीभोवती मारलेल्या फेरीवर पैसे चुकते करू नका.

नमस्कार.