एकरी पंचवीस डॉलर

श्रोतेहो, नमस्कार.

लिलाव म्हटला की आपल्या कानांत घुमतो तो "एक वार, दोन वार, तीन वार" हा पुकारा. लासलगावला कांद्याचा लिलाव होतो, कोल्हापुरात गुळाचे सौदे निघतात, विदर्भात त्यालाच हर्रास म्हणतात, आणि यांत कोणाला काही वावगे वाटत नाही. शेतजमिनीचा लिलाव हे शब्द मात्र कानी पडले की आपल्याकडे मन चरकते, कारण आपल्याकडे जमीन लिलावात निघते ती बहुधा थकलेल्या कर्जापायी, आणि त्याची जाहिरात वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात, भिंगाशिवाय वाचता येऊ नये अशा टाइपात छापलेली असते. अमेरिकेच्या मक्याच्या पट्ट्यात, म्हणजे आयोवा, इलिनॉय, इंडियाना या राज्यांत, घरची शेती राजीखुशीने लिलावात काढणे ही रुळलेली रीत आहे, आणि ती जमीन पुकारणारा माणूस हा त्या धंद्याचे रीतसर शिक्षण घेतलेला, पुष्कळदा स्पर्धेत बक्षीस मिळवलेला व्यावसायिक असतो. आज मी त्याच्याविषयी बोलणार आहे.

या धंद्याच्या शाळा आहेत. इंडियानातील रेपर्ट यांची शाळा 1921 सालची, तर आयोवातील मेसन सिटीची 1933 सालची. शिक्षण आठवडा-दीड आठवड्याचे असते आणि त्यात सकाळपासून संध्याकाळपर्यंत जीभ वळवण्याचे काम चालते. आपण लहानपणी "काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले" म्हणत असू, तशा वाक्यांनी सुरुवात होते, मग एकपासून शंभरपर्यंत आकडे चढते आणि उतरते, मग अडीच-अडीचने, पाच-पाचने, पंचवीस-पंचवीसने. त्या आकड्यांच्या मधल्या फटी भरण्यासाठी काही ठरावीक शब्द असतात. "वन डॉलर बिड, नाऊ टू, नाऊ टू, विल यू गिव मी टू" हे त्यातले पहिले आणि सर्वांना पाठ असलेले वाक्य. ऐकणाऱ्याला तो अखंड घोष वाटतो, पण त्यात नेमक्या दोनच गोष्टी सांगितलेल्या असतात: हातात असलेली बोली किती, आणि मागितलेली बोली किती. हे दोन आकडे, श्रोतेहो, लक्षात ठेवा. हातात किती आणि मागणी किती. बाकीचे शब्द म्हणजे तबल्याचा ठेका.

शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाला कोणी लगेच जमीन पुकारायला देत नाही. तो आधी रिंगमन होतो, म्हणजे गर्दीत उभा राहून बोली लावणाऱ्यांवर नजर ठेवतो आणि कोणी मान हलवली की "येप!" असे ओरडतो. मग जुने सामान, अवजारे, गुरे. दरम्यान तो स्पर्धांत उतरतो. गुरांच्या बाजारातील लिलावकारांची जागतिक स्पर्धा 1963 पासून चालू आहे आणि ती खऱ्या बाजारात, खरी गुरे खऱ्या गिऱ्हाइकांना विकूनच घेतली जाते. अमेरिकेच्या राष्ट्रीय लिलावकार संघटनेची आंतरराष्ट्रीय स्पर्धा 1988 पासूनची आहे. तिच्यात पुकाऱ्याबरोबर मुलाखतही होते, आणि 1994 पासून स्त्रियांचा वेगळा विभाग आहे. या लोकांना आजही "कर्नल" म्हणतात. यादवी युद्धात जप्त झालेला माल फौजेचे कर्नल विकत असत, त्यावरून हे आले असे सांगतात. आपल्याकडे एकदा पाटीलकी गेली तरी "पाटील" जात नाही, तसेच हे.

आता जमीन. 1785 च्या कायद्याने तिकडच्या भूमीची आखणी चौरसांत झाली. एक मैल लांब, एक मैल रुंद असा तुकडा 640 एकरांचा, त्याचा पाव हिस्सा 160 एकर, त्याचा अर्धा 80. विमानातून पाहिले तर शेते बुद्धिबळाच्या पटासारखी दिसतात. आणि बोली लागते ती एकरी. हे पुन्हा सांगतो, कारण पुढची सगळी गोष्ट याच्यावर उभी आहे: बोली एकरी लागते आणि नंतर एकरांनी गुणली जाते. पाव हिश्श्याच्या जमिनीवर कोणी एकरी फक्त 25 डॉलर वाढवले, तर त्या मान हलवण्याची किंमत 4,000 डॉलर असते. (आमच्या शाळेत पावकी, निमकी, औटकी तोंडपाठ करून घेत असत. ती अभ्यासातून काढून टाकली ही चूक झाली असे माझे मत आहे, आणि ते मी या केंद्रावरून यापूर्वीही सांगितले आहे.)

राजीखुशीची रीत म्हणालो खरे, पण तिकडेही सदासर्वदा तसे नव्हते. मंदीच्या काळात, 1931 साली, नेब्रास्काच्या मॅडिसन काउंटीत एका कर्जबाजारी कुटुंबाचा माल लिलावात निघाला, तेव्हा सुमारे दीडशे शेजारी जमले, त्यांनी पाच-दहा सेंटांच्या बोल्या लावल्या, त्यांवर चढवायला कोणी धजावले नाही, आणि सगळ्या मालाचे मिळून 5 डॉलर 35 सेंट आले. पुढे अशा विक्रीला "पेनी ऑक्शन" हे नावच पडले. 1980 च्या दशकात पुन्हा तसेच दिवस आले. आयोवातील जमिनीचा सरासरी भाव 1981 साली एकरी 2,147 डॉलर होता, तो 1986 साली 787 वर आला. त्या पाच वर्षांत ज्यांनी जमिनी पुकारल्या, त्यांना आपल्याच गावच्या माणसांची घरे पुकारावी लागली. तिथल्या जुन्या लिलावकारांपाशी हा विषय काढला की ते कॉफी आणायला उठतात.

आता मी प्रत्यक्ष पाहिलेला एक लिलाव सांगतो. माझा भाचा आयोवात मातीच्या परीक्षणाचे काम करतो. 2023 च्या डिसेंबरात मी त्याच्याकडे होतो. एके सकाळी तो म्हणाला, "मामा, तुम्हांला जमिनीचा लिलाव बघायचा होता ना? चला." पाऊण तासाच्या अंतरावर एका लहान गावाच्या सभागृहात आम्ही पोचलो. आत दीडएकशे माणसे, बहुतेकांच्या डोक्यांवर बियाणे कंपन्यांच्या टोप्या. एका टेबलावर चर्चच्या बायकांनी केलेले पाय नावाचे गोड पदार्थ होते, आणि कॉफी अशी की तिला आपल्याकडे कोणी कॉफी म्हणणार नाही. प्रत्येकाच्या हाती एक पत्रक दिले गेले. त्यात जमिनीचा नकाशा, रंगांनी दाखवलेले मातीचे प्रकार, निचऱ्याच्या नळ्या कुठून जातात ते, आणि मातीला दिलेले गुण. आयोवात मातीला 5 ते 100 असे गुण देतात. या जमिनीला 84 होते. मोजणीत 78 एकर. त्या वर्षी राज्याची सरासरी एकरी 11,835 डॉलर होती. ही सरासरी तिथले विद्यापीठ दर डिसेंबरात जाहीर करते आणि शेतकरी तिच्याकडे पंचांगासारखे पाहतात.

जमीन तीन भावंडांची. आई वारली होती, तिघेही शहरांत राहणारे. ती कसत होता एक पन्नाशीचा शेजारी, बावीस वर्षे, खंडाने. आयोवाच्या कायद्याप्रमाणे खंडकऱ्याला 1 सप्टेंबरच्या आत नोटीस द्यावी लागते, नाहीतर करार पुढच्या वर्षी आपोआप चालू राहतो. भावंडांनी नोटीस वेळेवर दिली होती, त्यामुळे येत्या 1 मार्चपासून जमीन नव्या मालकाच्या ताब्यात जाणार होती. तो खंडकरी आणि त्याची बायको तिसऱ्या रांगेत बसले होते. ही सगळी माहिती भाचा माझ्या कानात सांगत होता, कारण सभागृहात ती माझ्याखेरीज सर्वांना ठाऊक होती.

लिलावकार चाळिशीचा, काळी टोपी, कंबरेच्या पट्ट्याला राज्यस्पर्धेच्या विजेतेपदाचे ताटलीएवढे बक्कल. मी मनात म्हटले, आता जिभेची कसरत ऐकायला मिळणार. त्याने अटी वाचल्या: दहा टक्के आज जागेवर, उरलेली रक्कम पंचेचाळीस दिवसांत. मग पुकारा सुरू केला, आणि श्रोतेहो, तो इतका सावकाश होता की मलासुद्धा एकेक आकडा समजत होता. गुरे विकताना एका जनावराला काही सेकंद मिळतात, तिथे वेग हवा. इथे दिवसभरात विकायची वस्तू एकच.

बोली 9,000 पासून निघाली. सात-आठ जण चढवत होते. 11,000 ला चौघे उरले, 11,800 ला तिघे, आणि तिसऱ्याने, जो बांधाला बांध लागून असलेला शेतकरी होता, एकदा खंडकऱ्याकडे पाहिले आणि पत्रकाची घडी घालून खिशात ठेवली. उरले दोघे: खंडकरी, आणि टेलिफोनवरचा एक माणूस, ज्याच्या वतीने कोपऱ्यातली एक मुलगी हात वर करत होती. (लिलावात कान खाजवला आणि गळ्यात म्हैस पडली, अशा गोष्टी लोक रंगवून सांगतात. मी त्या सकाळी कान खाजवला, नाक पुसले, भाच्याला हात केला. रिंगमनने माझ्याकडे ढुंकूनही पाहिले नाही. कोणाची ऐपत काय हे त्याला घरून निघतानाच माहीत असते.)

12,300 वर सगळे थांबले. लिलावकाराने दहा मिनिटांची सुट्टी जाहीर केली. खंडकरी आणि बायको बाहेर जाऊन आपल्या पिकअप गाडीत बसले. काचेवर वाफ धरलेली, आत ती आकडे लिहिते आहे आणि तो समोर बघतो आहे, एवढे खिडकीतून दिसत होते. मला वाटले, लिलावकार आता त्यांच्यामागे जाईल. तो गेला भावंडांकडे. तिघांशी दबक्या आवाजात बोलला, थोरल्या बहिणीने मान डोलावली. परत येऊन माइक हातात घेऊन तो म्हणाला, "मालकांनी भाव मान्य केला आहे. ही जमीन आज विकली जाणार." तोवर जमीन राखून ठेवायचा हक्क विकणाऱ्यांकडे होता, तो या वाक्याने संपला. सभागृहात खुर्च्या सरकल्याचा आवाज झाला.

चढ शंभराची होती, ती त्याने पन्नासावर आणली. टेलिफोनने 12,350 म्हटले, खंडकऱ्याने 12,400. असे 12,600 पर्यंत गेले, आणि तो आकडा खंडकऱ्याचा होता. मुलगी बराच वेळ फोनला कान लावून उभी. लिलावकाराने चढ पंचवीसवर आणली. एकरी पंचवीस डॉलर, म्हणजे 78 एकरांना 1,950. मुलीने हात वर केला. 12,625.

मग तो राज्यविजेता गप्प झाला. पुकारा नाही, ठेका नाही. तो लिलावकार विकणाऱ्यांचा माणूस होता, आणखी एक बोली काढणे हे त्याचे काम होते, आणि ज्याच्याकडून ती काढायची तो त्याच्याच गावचा, पुढेमागे कदाचित त्याच्याकडूनच आपली शेती विकणारा. त्याने नुसते विचारले, "साडेसहाशे?" आणि थांबला. मी घड्याळ पाहिले नाही, पण कॉफीच्या यंत्राची गुरगुर ऐकू येत होती. बायकोने नवऱ्याच्या बाहीवर हात ठेवला. त्याने मान हलवली. आडवी.

जमीन 9,84,750 डॉलरांना टेलिफोनवरच्या माणसाकडे गेली. सह्या चालू असताना लिलावकार तिसऱ्या रांगेत जाऊन खंडकऱ्याच्या शेजारी बसला. काय बोलला ते मला ऐकू आले नाही. गाडीत भाच्याने सांगितले की घेणारा दूरच्या शहरातला गुंतवणूकदार होता, त्याला जमीन कसणारा लागणारच, आणि लिलावकाराने खंडकऱ्याचा नंबर त्याला द्यायचे कबूल केले होते. पुढे काय झाले हे मी विचारले नाही. खंडकरी मात्र लगेच घरी गेला नाही. सभागृहाच्या खुर्च्या मिटून भिंतीला लावायला तो थांबला होता.

निघताना भाच्याने माझी ओळख करून दिली. मी लिलावकाराला म्हटले, तुमचा स्पर्धेतला पुकारा ऐकायला मिळाला नाही, याची रुखरुख राहील. त्याने माझ्या खिशातले पेन मागून घेतले, दोन पावले मागे सरकला आणि सुरू झाला. त्या वेगाची नक्कल मी माइकवर करणार नाही. श्वास कुठे घेतो ते कळेना, आकडे मात्र सगळे स्पष्ट. एकीकडे भाचा, एकीकडे मी, आणि त्याने आम्हांला एकमेकांवर असे चढवले की अर्ध्या मिनिटात ते पेन मी स्वतः पाच डॉलरला विकत घेतले होते. मी हसत हात पुढे केला. त्याने पेन दिले नाही. म्हणाला, "पन्नास सेंट जागेवर, उरलेले साडेचार डॉलर पंचेचाळीस दिवसांत."