वखारीतला डीजे

[दृश्य : अनंत चतुर्दशी, वाकडी बारव. मिरवणूक निघायच्या तयारीत.]

नाशिकमध्ये 'डीजे' म्हटलं की डोळ्यांसमोर माणूस येत नाही, ट्रक येतो. त्यावर रचलेली स्पीकरची भिंत, मागे जनरेटर आणि छातीत बसणारा दणका. वाकडी बारवेपासून गंगेपर्यंत (नाशिककरांची गंगा म्हणजे गोदावरी) एकच वाद : डीजे की ढोल? आम्ही ढोलवाले. आमच्या पथकात डीजे हा शब्द जवळजवळ शिवीच होता.

मग आमचाच एक ताशावाला डीजे झाला.

[दृश्य : सिडकोतली एक खोली. टेबलावर मिक्सर, कपाटावर ताशा.]

तो आता पुण्या-मुंबईच्या क्लबमध्ये वाजवतो. खोलीच्या भिंतीवर एका कृष्णवर्णीय, दाढीवाल्या, हसऱ्या माणसाचा फोटो आहे. आईनं विचारलं, "हे कोण रे?" हा म्हणाला, "आमचे गुरुजी." तेव्हापासून दसऱ्याला ताशाबरोबर त्या फोटोलाही झेंडूचा हार असतो.

गुरुजींचं नाव फ्रँकी नकल्स. जन्म १९५५चा, न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्समधला. शिकायला घेतलं होतं कापडावरचं डिझाइन, पण लॅरी लेव्हनसारखा मित्र मिळाला आणि दोघंही क्लबमध्ये रेकॉर्ड वाजवू लागले. १९७७ साली नकल्स शिकागोला गेला. तिथे एका जुन्या कारखान्याच्या इमारतीत नवा क्लब निघाला होता. नाव 'वेअरहाउस', म्हणजे आपली वखार. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी तरुण. शनिवारची रात्र रविवार उजाडला तरी संपत नसे.

तो वाजवायचा काय? फिलाडेल्फियाचं सोल, म्हणजे कृष्णवर्णीयांचं भावभरं गाणं, न्यूयॉर्कचा डिस्को, युरोपातलं सिंथेसायझरचं संगीत. सोलमधले आवाज चर्चमध्ये घडलेले, आणि खाली चारही मात्रांवर ड्रमचा ठोका. एकाही मात्रेला सुट्टी नाही. आमच्या पथकात हे काम टोलवाला करतो, म्हणजे धातूच्या थाळीवर ठोके देणारा. त्याच्याकडे कुणी बघत नाही, पण तो चुकला की सगळेच चुकतात.

१२ जुलै १९७९. शिकागोच्या बेसबॉल मैदानात दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत डिस्कोच्या रेकॉर्डचा ढीग चक्क स्फोटकांनी उडवला गेला. गर्दी मैदानात घुसली, दुसरा सामना झालाच नाही. पुढे रेकॉर्ड कंपन्यांनीही डिस्कोतून अंग काढून घेतलं. मिरवणुकीतल्या डीजेवर आम्हीही कमी तोंडसुख घेतलेलं नाही, पण आग लावण्यापर्यंत काही गेलो नव्हतो.

[दृश्य : रीळ, ब्लेड, चिकटपट्टी. अगदी जवळून.]

नवा माल आटला, तेव्हा नकल्सनं जुन्यालाच हात घातला. गाणं रिळाच्या टेपवर घ्यायचं. गायक थांबतो आणि नुसता ड्रम-बास उरतो, ती जागा शोधायची. टेप तिथे ब्लेडनं कापायची, तोच तुकडा पुन्हा पुन्हा जोडायचा. काही सेकंदांची जागा मिनिटांची होते. आमचा मित्र म्हणतो, ताशावाला दुसरं काय करतो? लोक रंगात आले की तोच हात, म्हणजे वाजवण्याचा ठरलेला ताल, आणखी चार आवर्तनं चालू ठेवतो. किती, हे कुठे लिहिलेलं नसतं. समोरच्यांचे पाय बघून ठरवायचं.

मधेच नकल्स क्लबमधले दिवे घालवायचा आणि अंधारात धडधडत जाणाऱ्या आगगाडीचा आवाज सोडायचा. नाशिकरोडच्या फलाटावर उभं असताना न थांबणारी गाडी ज्यांच्या अंगावरून गेली आहे, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

शिकागोतले लोक दुकानात जाऊन 'वेअरहाउसमध्ये वाजतं ते' मागू लागले. पुढे नावाचं नुसतं शेपूट उरलं : हाउस. वखारीतलं 'खार' उरावं तसं. जगभरातल्या क्लबमध्ये वाजणाऱ्या हाउस संगीताचं बारसं हे असं झालं.

१९८२मध्ये वेअरहाउस सोडून नकल्सनं 'पॉवर प्लांट' हा स्वतःचा क्लब काढला. डेट्रॉइटच्या डेरिक मे या डीजेनं त्याला रोलँड कंपनीचं टीआर-९०९ हे ड्रम मशीन विकलं. १९९८मध्ये ग्रॅमी मिळालं. २००४मध्ये वेअरहाउसच्या रस्त्याला शिकागोनं त्याचं नाव दिलं. २००८मध्ये एक पाऊल कापावं लागलं, तरी वाजवणं सुटलं नाही. ३१ मार्च २०१४ रोजी तो गेला.

[दृश्य : गंगापूर रोड. एका लॉन्सच्या मागचं मैदान, तालीम.]

परवा आमचा डीजे तालमीला आला. ताशा कमरेला बांधला, दुसरा हात सुरू केला आणि बदलायचं नावच घेईना. आठ आवर्तनं झाली, बारा झाली. माझे खांदे भरून आले. शेजारच्या पोरीचं टिपरू हातातून निसटलं, तिनं ते तसंच उचललं आणि पुन्हा लयीत आली. टोलवाल्यानं माझ्याकडे बघितलं. मी मान हलवली : मला काय विचारतोस?

तो मात्र आमच्याकडे बघतच नव्हता. मैदानाच्या कुंपणाबाहेर गाड्या लावून काही लोक थांबले होते, त्यांच्या पायांकडे बघत होता.