बंद खोलीतली हवा

काळा पडदा, बाजूने एकच प्रखर दिवा. समोरची व्यक्ती आकडे म्हणते आहे. 'पाच'चा 'पा' म्हणताना ओठ फाकले, तिथे थांबून बघा: बारीक तुषार उडाले. यातले १०० मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) थेंब पाच-सहा सेकंदांत जमीन गाठतात.

लहान थेंब खाली येण्याआधीच सुकतात. पाणी उडून जातं. उरतो क्षार-प्रथिनांचा कण, आणि बोलणारा आजारी असेल तर त्यात विषाणू. स्थिर हवेत ५ मायक्रॉनचा कण तोंडाच्या उंचीवरून खाली यायला अर्धा तास घेतो, १ मायक्रॉनचा जवळपास बारा तास. खोलीतली हवा मात्र स्थिर नसतेच. नुसत्या अंगाच्या उबेनेही ती वर चढत राहते. समोरासमोर बसलं तर धोका सर्वांत जास्त हे खरं, पण सिगारेटचा धूर कोपऱ्यापर्यंत पोचतो तसे हे कणही पोचतात.

जानेवारी २०२०, चीनमधलं ग्वांगझू. एका उपाहारगृहात शेजारशेजारच्या तीन टेबलांवरची तीन कुटुंबं, त्यांतले दहा जण कोरोनाने बाधित. एसी चालू होता, एक्झॉस्ट पंखे बंद. तीच हवा गार होऊन त्याच टेबलांवर फिरत राहिली. साधा स्प्लिट एसीही हेच करतो. बाहेरची हवा तो आत आणत नाही. गारव्यामुळे खोली ताजी वाटते, एवढंच.

हवा तासाला दोनदा बदलत असेल, तर ९९ टक्के कण जायला १३८ मिनिटं लागतात. सहा वेळा बदलली तर ४६. एका फेरीत काम होत नाही, कारण नवी हवा जुनीत मिसळते आणि जुनीबरोबर थोडी नवीही बाहेर पडते. खिडकीत टेबलफॅन बाहेर तोंड करून ठेवा आणि समोरची खिडकी उघडा. ती बंद राहिली तर पंखा नुसता घरघरतो.

खिडकी नसेल तर हेपा फिल्टरचा, म्हणजे अतिबारीक कणही अडवणाऱ्या गाळणीचा, प्युरिफायर. ४ बाय ३ मीटरची, ३ मीटर उंच खोली म्हणजे ३६ घनमीटर. सहा फेऱ्यांसाठी तासाला २१६ घनमीटर शुद्ध हवा हवी. खोक्यावरचा आकडा पूर्ण वेगाचा असतो. आवाज नको म्हणून वेग कमी केला, की हिशेब कोसळतो.

खोलीत उच्छ्वासाची हवा किती साचली, हे कार्बन डायऑक्साइडच्या मीटरवरून कळतं. तो बाहेर ४२० पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत ४२०) आसपास दाखवतो. आत ८००च्या पुढे गेला, तर खिडकी उघडा. प्युरिफायर लावल्यावर हा आकडा उतरणार नाही. फिल्टर कण अडवतो, वायू नाही.