हॅच उघडेपर्यंत थांबा

मंडळी, अंतराळयानाचं उड्डाण तुम्ही सगळ्यांनीच कधी ना कधी पाहिलं असेल. उलटगणती, ज्वाळा, टाळ्या. नऊएक मिनिटांत यान कक्षेत पोचतं आणि बघणारे आपापल्या कामाला लागतात. मी तेव्हा कुठे नीट सरसावून बसतो.

यानात दोरीला एक छोटं खेळणं टांगलेलं असतं. इंजिन बंद होताच ताणलेली दोरी सैल पडते आणि खेळणं तरंगायला लागतं. तिथून कक्षेत आधीच फिरत असलेल्या अंतराळ स्थानकाचा पाठलाग सुरू होतो.

हा पाठलाग आपल्या अंदाजाच्या अगदी उलटा आहे. जून 1965 मध्ये जेमिनी 4 या अमेरिकन यानातून अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिट आपल्याच रॉकेटच्या सुट्या झालेल्या टप्प्याजवळ जायला निघाले. समोर दिसतोय, तर त्या दिशेने जोर लावायचा, इतकं सरळ वाटलं होतं. पण पुढे जोर लावला की यान वरच्या कक्षेत चढतं. तिथली फेरी मोठी आणि वेग कमी, म्हणजे आपण मागेच पडतो. इंधन भराभर संपू लागलं आणि शेवटी नाद सोडावा लागला. पुढचं गाठायचं तर आधी खाली उतरावं लागतं! मला हे पहिल्यांदा उमगलं, त्या रात्री झोप लागली नव्हती.

शेवटचे काही मीटर तर मी श्वास रोखूनच बघतो. यान आणि स्थानक दोन्ही ताशी सुमारे 28,000 किलोमीटरने धावत असतात आणि एकमेकांकडे सरकतात सेकंदाला जेमतेम 10 सेंटीमीटरने. आता हे काम बहुतेक वेळा संगणकच करतो. जून 1985 मध्ये मात्र सोव्हिएत संघाचं साल्युत 7 स्थानक पूर्ण बंद पडलेलं होतं. वीज नाही, संदेश नाही. व्लादिमीर झानिबेकोव्ह आणि व्हिक्टर साविनिख या अंतराळवीरांनी खिडकीतून बघत, हातातल्या लेसर अंतरमापकाने अंतर मोजत यान त्याला जोडलं. आत पाणी गोठलेलं होतं. लोकरीच्या टोप्या घालून त्या दोघांनी ते स्थानक पुन्हा जिवंत केलं. माझ्या मते अंतराळातली याहून मोठी दुरुस्ती आजवर झालेली नाही.

यान जोडलं गेलं तरी दार लगेच उघडत नाही. दोन हॅचच्या, म्हणजे यानाच्या आणि स्थानकाच्या दारांच्या, मधल्या जागेत हवा भरतात आणि दाब टिकतो का ते तपासत राहतात. पडद्यावर काहीच घडत नसतं. कंटाळा आला तर सोयुझ 11 हे सोव्हिएत यान आठवावं. 30 जून 1971 ला परतीच्या वाटेवर यानाचे भाग सुटे होताना दाब समतोल राखणारी एक झडप अवेळी उघडली. आतली हवा निघून गेली आणि डोब्रोव्होल्स्की, व्होल्कोव्ह, पात्सायेव्ह हे तिघंही गेले. त्यांच्या अंगावर दाबपोशाख नव्हते. त्या तिघांची नावं आठवली की दाबाच्या तपासणीतलं एकेक मिनिट मला मोलाचं वाटतं.

26 जून 2025 ला शुभांशू शुक्ला ज्या यानात होते, ते आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकाला जोडलं गेलं. नंतर तासाभराहून जास्त वेळ नुसती तपासणी. मी जागचा हललो नाही. मग हॅच उघडली, एकेक जण तरंगत आत आला आणि आधीपासून तिथे असलेल्यांनी त्यांना घट्ट मिठ्या मारल्या.