पाठ दाखवा

श्रोतेहो, नमस्कार.

माझ्यासमोर आत्ता एक कागद आहे, पोस्टकार्डाहून जरा आखूड. त्यावर पहाट होतेय. सूर्य वर येतोय आणि रुंद काठाची टोपी घातलेला, हातात फावडं असलेला एक माळी उभा आहे. त्याच्यापुढे एक स्त्री गुडघे टेकून बसलीय. तिला तो माळी वाटतोय. पण तो आहे थडग्यातून उठलेला येशू, आणि ती त्याची शिष्या मेरी मॅग्दलीन. जर्मनीतल्या न्यूरेंबर्गच्या आल्ब्रेख्त ड्यूरर या चित्रकारानं 1511 साली येशूच्या यातनांवर 37 चित्रांचं लहानसं पुस्तक काढलं, त्यातला हा प्रसंग.

ही चित्रं लाकडी ठशांवरची. फळीवर चित्र काढायचं, मग हवी तेवढी रेघ उभी ठेवून बाजूचं सगळं लाकूड कोरून टाकायचं. उरलेल्या रेघेला शाई लागते. टोपीच्या काठाची एकेक रेघ म्हणजे दोन्हीकडून तासत आणलेली बारीकशी भिंत. ती कुठे टवकली की पुढच्या प्रत्येक प्रतीत तिथे पांढरी फट दिसते. संग्राहक भिंग लावून आधी या फटी शोधतो. चौकटीची रेघ सलग असेल तर प्रत बहुधा लवकरची, जागोजागी तुटली असेल तर ठसा बराच राबलेला.

त्या काळी असे कागद फारसं कुणी संग्रहासाठी घेत नव्हतं. बहुतेक लोक ते भक्तीसाठी घेत. ड्यूररची आई बाजारात त्याची चित्रं विके, बायको आग्नेस ती घेऊन फ्रँकफर्टच्या जत्रेला जाई. घरी नेलेलं चित्र भिंतीवर लागे, पेटीच्या झाकणात चिकटे. भिंतीवरचं धुरानं, ओलीनं गेलं. जे पुस्तकाच्या पुठ्ठ्यात आतून चिकटवलेलं होतं, ते टिकलं. इंग्लंडमधल्या मँचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयात संत ख्रिस्तोफरचं 1423 सालचं असं ठशाचं चित्र आहे, ते असंच एका हस्तलिखिताच्या वेष्टणात आतल्या बाजूला सापडलं. त्याच्याखाली लॅटिनमध्ये लिहिलंय की ज्या दिवशी तू हा चेहरा पाहशील, त्या दिवशी तुला वाईट मरण येणार नाही. घराबाहेर पडताना देवाच्या तसबिरीकडे बघून निघणाऱ्या आपल्या माणसांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

जाणीवपूर्वक जमवणारेही तेव्हा होते, त्यातला एक सांगतो. कोलंबसचा मुलगा फर्नांडो. स्पेनमधल्या सेव्हिल शहरात त्यानं सुमारे 3200 छापचित्रं गोळा केली आणि प्रत्येकाची तपशीलवार नोंद करवून घेतली. चित्रात माणसं किती, कपडे घातलेली की उघडी, सगळं लिहिलेलं. तो 1539 साली वारला. नोंदवही आजही आहे; चित्रं एकूणएक नाहीशी झाली. मला याची फार हळहळ वाटते.

आता माझ्या कागदाविषयी. बारा वर्षांपूर्वी परदेशातल्या एका विक्रेत्याकडून मी तो 1511 चा म्हणून घेतला. जाड पुठ्ठ्यावर पुरता चिकटवलेला होता. पाठ दिसत नव्हती आणि मी विचारलंही नाही. दोन पावसाळ्यांनंतर त्या पुठ्ठ्यातून तपकिरी डाग वर येऊ लागले, तेव्हा धीर सुटला आणि मी तो कागद जपण्याचं काम करणाऱ्या एका बाईंकडे नेला. त्यांनी आठवडाभर हलकी ओल देत देत पुठ्ठ्याचे पापुद्रे सोडवले. शेवटचा थर निघाला तशी अक्षरं दिसायला लागली.

1511 च्या पुस्तकात चित्रांच्या पाठीवर लॅटिन कविता आहे, केलिडोनियस नावाच्या भिक्षूनं रचलेली. माझ्या कागदामागे निघाल्या इटालियन ओळी. ड्यूररचे हे ठसे पुढे व्हेनिसला पोचले होते, आणि 1612 साली, तो जाऊन 84 वर्षं झाल्यावर, त्यांच्यावरून पुन्हा पुस्तक निघालं. माझा कागद त्यातला. शंभर वर्षांनी धाकटा! मग भिंग घेऊन पुन्हा पाहिलं, तर चौकटीच्या रेघेत फटी होत्याच. मला त्या आधीही दिसल्या होत्या, मीच त्यांच्याकडे काणाडोळा केला होता.

फसवलं गेल्याचा राग आला, आणि तो रास्त होता. म्हणून कुणी असं चित्र घ्यायचं म्हणत असेल तर माझं पहिलं सांगणं हेच: विक्रेत्याला आधी म्हणा, पाठ दाखवा. कागद उजेडासमोर धरून आतलं जलचिन्ह, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटलेली खूण, बघा. चिकटवलेला असेल तर किंमत बोलूच नका. आणि घरी आणल्यावर आम्लविरहित कागदाच्या घडीत ठेवा, पावसाळ्यात महिन्यातून एकदा तरी उघडून बघा.

पण तो कागद मी परत केला नाही. ज्या लाकडावर ड्यूररची रेघ कोरली गेली, त्याच लाकडाचा दाब या कागदावर पडलाय. त्या मालिकेतले बहुतेक ठसे आज लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये आहेत. कागद आडवा धरून बोटाच्या टोकानं अगदी अलगद चाचपला, तर फावड्यापाशी तो दाब अजून लागतो. घरी कुणी बघायला आलं, की मी आधी इटालियन ओळी दाखवतो आणि मग कागद उलटून माळी.

नमस्कार.